धल्कूतच्या वरची वाट

माझं काम तसं सोपं.
दर पन्नास पावलांवर एक दगड हेरायचा,
तारेच्या ब्रशनं त्याचं शेवाळ खरवडायचं
आणि तीन पट्टे ओढायचे : पिवळा, पांढरा, लाल.
मस्कतहून नवे बूट घालून येणाऱ्यांना
वाट कळावी म्हणून.

डब्यावर छापलंय, कोरड्या पृष्ठभागावरच वापरावा.
ऑगस्टात धल्कूतच्या वर कोरडं काय असतं?
उशी ओली, काडेपेटी ओली,
बखीतच्या दाढीत थेंब.
ह्या ढगाला इथे खरीफ म्हणतात.
पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं,
खरिपात काय पेरता तुम्ही?
बखीतला हसू आवरेना.
पेरायचं कशाला, म्हणाला, समुद्रातून चढून येतो आपला आपण.

वाट उंटांची आहे.
ती सरळ जात नाही, कारण उंटाला घाई नसते;
चिंचेपाशी वळते, पाण्यापाशी वळते,
एके ठिकाणी उगीचच वळते.
इंजिनिअर हमूद म्हणाले, हे वळण काढून टाकू.
बखीत म्हणाला, तिथे पूर्वी एक झाड होतं.

तिसऱ्या दिवशी मी एका खोडाला टेकलो,
सवयीनं पान उलटून पाहिलं.
धावडा.
म्हणजे अगदी धावडा नव्हे,
पण त्याचाच चुलत घराण्यातला कोणी,
परक्या गावच्या लग्नात पंगतीला शेजारी येऊन बसावा
आणि नाकावरून ओळखू यावा, तसा.
मग मी दिवसभर खोडांशी मराठीत बोललो.
धुक्यात कोण ऐकतंय.

वडील तिलारीच्या रानात वनरक्षक होते.
अर्धं रान आपलं, अर्धं गोव्याचं,
मध्ये हद्दीचे दगड, आकडे कोरलेले.
त्यातला एक गव्यानं पाठ घासून घासून आडवा केला.
वडिलांनी तो तीन वर्षं उचलला नाही.
रजिस्टरात मात्र दर महिन्याला लिहीत :
दगड जागेवर.
खोटं नव्हतं. जागेवरच होता, निजलेला.

काल शेवटच्या टप्प्यावर पोचलो.
नकाशात वाट इथे संपते.
इथे पट्टे नाहीत ओढायचे,
लाल फुली मारायची : पुढे वाट नाही.
बखीत काठीवर हनुवटी टेकून उभा,
समोर तेच झाड, तीच वेल, तोच उतार,
खाली कुठेतरी तार आणि चौकी,
आणि तारेपलीकडून खाकरणारा एक उंट,
दिसत नव्हता.

हौफ, बखीत म्हणाला. इथून दीड तास.
आई मला पाठीला बांधून न्यायची,
तुफूल मावशीकडे,
जाताना लोणी, येताना मध.
मग त्यानं धुक्याकडे तोंड करून हाळी घातली,
अरबीत नाही, त्यांच्या डोंगरातल्या जुन्या बोलीत,
जी लिहीत नाहीत.
मावशीला नव्हे. उंटाला.
खाकरणं थांबलं, मग थोडं जवळून आलं.

मी दगड खरवडला, फडक्यानं पुसला,
पुन्हा पुसला.
एक रेघ. त्यावरून दुसरी.
ओल्यावर रंग धरेना; फुलीचा एक पाय
ओघळून खाली गवतात गेला,
उताराच्या दिशेनं.

किती टिकतो हा रंग? बखीतनं विचारलं.
कंपनी म्हणते, पाच वर्षं.
आणि तू?
ह्या हवेत? दोन खरीफ. फार तर.

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.
मावशी ऐंशीची आहे, म्हणाला,
आणि रिकामा डबा माझ्या हातून घेऊन
पुढे चालू लागला, परतीच्या वाटेनं.
नसलेल्या झाडापाशी आला
तेव्हा वळला.